पंचवीसच्या वर

"हात वर घे," मी म्हणालो.

मलकारीने हात वर घेतला. दंडाला टेप गुंडाळली, जरा ओढली, आकडा बघितला. सव्वासतरा इंच. गेल्या खंडेनवमीला पावणेसोळा होता.

"किती?" त्याने विचारलं.

"सतरा."

वहीत मात्र मी सव्वासतराच लिहिलं. वही खोटी लिहायची नाही, एवढी लाज तेव्हा मला होती.

इचलकरंजीतल्या हिंदुराव वस्तादांच्या तालमीतली ही गोष्ट. नाव तालीम, पण कुस्त्या बंद होऊन वीस वर्षं झाली होती. लाल माती गेली, लोखंड आलं. एक रीत मात्र वस्तादांनी टिकवली होती. खंडेनवमीला सगळी डंबेलं, सळया, वजनं धुऊन पुसून भिंतीशी मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. वस्ताद त्याला हत्यारं म्हणत. त्या दिवशी हत्याराला व्यायामासाठी कुणी हात लावायचा नाही. अंग थंड असतं, नसा फुगलेल्या नसतात, म्हणून माप खरं येतं, असं वस्तादांचं म्हणणं. मग एकेकाला पाटावर उभं करून वस्ताद कुंकू लावत आणि मी त्याची मापं घेऊन मापवहीत लिहीत असे. माझं अक्षर वळणदार, शिक्षण बी.कॉम., वडिलांचं सुताचं दुकान आणि घरात कॉम्प्युटर. त्यामुळे वही आपोआप माझ्याकडे आलेली.

मलकारी हणबर त्या दिवशी उशिरा आला, तीन वाजता. तो यंत्रमागावर कामाला होता आणि मागांचीही पूजा त्याच दिवशी. मालकाने नारळ फोडेपर्यंत सोडलं नव्हतं. तोवर तालमीत पुरणपोळ्या होऊन वस्ताद आत लवंडले होते. कुंकवाचं ताट, पाट, पंगतीची भांडी सगळं आवरून घरात गेलं होतं. "वस्ताद उठूदेत, मग घेऊ," मी म्हणालो, तर तो हसला.

"तूच घे की भरतेश. तुझ्या मापाला कोण नावं ठेवणार?"

म्हणून मी घेतली. छाती, कंबर, मांडी, पोटरी. काट्यावर वजन शहात्तर किलो. चरबी मोजायचा चिमटा मी पुण्याहून मागवला होता, त्यात त्याची कातडी धरायला गेलो तर धरायला काही हाती लागेना. भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं करून उंची घेतली, लिहिली आणि वही मिटली.

खरं तेच सांगतो, तो माणूस मला बघवत नव्हता. मी त्या तालमीत दहा वर्षं काढली होती. पहाटे पाचला उठून वजनं उचलली, मित्रांची लग्नं आणि वराती बुडवल्या, परातीएवढ्या ताटात मोजून मापून खाल्लं. आम्ही जैन, घरात अंडं चालत नाही, म्हणून डब्यातली परदेशी पावडर दुधात ढवळून प्यायलो. आणि हा मलकारी, येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. मागावर बारा तास उभा राहायचा, मग उकडलेल्या शेंगा चघळत तालमीत यायचा. भाकरी, पिठलं, उकडलेली अंडी, आणि रविवारी मटण मिळालं तर मिळालं. देवाने त्याचे खांदे घडवताना हात सैल सोडला होता आणि माझ्या वेळी चिमटीने दिलं होतं. मी आरशासमोर उभा राहिलो की मागून तो यायचा आणि आरशात मी उरायचोच नाही.

तो वाईट असता तर बरं झालं असतं. माझ्या छातीवर बार अडकला की पहिला हात त्याचाच यायचा. मला हे त्याहूनही जास्त झोंबायचं.

त्या संध्याकाळी वस्तादांनी सगळ्यांना बसवलं. दिवाळीनंतर डॉक्टर शेडबाळे गावात शरीरसौष्ठवाची स्पर्धा घेणार होते, फक्त अंग वाढवायची औषधं न घेणाऱ्यांची. एका तालमीतून एका वजनगटात एकच माणूस. पंचाहत्तर ते ऐंशी किलोच्या गटात आम्ही दोघं होतो, मी एकोणऐंशी आणि तो शहात्तर. निवड उघड होती, तरी माझ्या मनाने आशा सोडली नव्हती.

"ह्या गटात आपला मलू," वस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "भरतेश, तू फुडल्या वर्साला बघ."

मला ते नेहमी पूर्ण नावाने हाक मारत. तो मात्र आला त्या महिन्यापासून मलू. मी एकतीस वर्षांचा होतो. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, प्रत्येक वर्षी मलू असणारच होता.

घरी येऊन जेवलो नाही. वही उघडली, कॉम्प्युटर लावला. काही महिन्यांपूर्वी इंटरनेटवर मला एक हिशेब सापडला होता. वजनातून चरबी वजा करायची, उरलेल्या किलोंना उंचीच्या वर्गाने, म्हणजे मीटरमधली उंची गुणिले उंची, त्याने भागायचं. जो आकडा येतो तो उंचीच्या मानाने अंगावर स्नायू किती ते सांगतो. साधा माणूस एकोणीस-वीस. वर्षानुवर्षं घाम गाळणारा बावीस-तेवीस. आणि पंचवीस म्हणजे निसर्गाची हद्द. त्याच्या वर गेलेला बहुधा सुया घेणारा, असं तिथं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात हेही होतं, की हा अंदाज आहे, काही माणसं जन्मतःच त्याच्या पलीकडची असतात. बारीक अक्षर मी वाचलं होतं. डॉक्टर शेडबाळ्यांना हा हिशेब मीच दाखवला तेव्हा ते तेवढं सांगायचं राहिलं. लघवीची तपासणी त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी हिशेब उचलून धरला आणि नियमच केला, पंचवीसच्या वर असेल त्याला प्रवेश नाही.

माझा आकडा मी कितीदा तरी काढला होता. साडेतेवीस. त्या रात्री पहिल्यांदा मलकारीचा काढला.

सव्वीस पूर्णांक तीन.

पुन्हा काढला. सव्वीस पूर्णांक तीन. मी खुर्चीवरून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारल्या. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्या आकड्याने कधी झाला नव्हता. तीन वर्षं मी ज्याच्यापुढे खुजा ठरत होतो, तो चोर निघाला! मी कमी पडलोच नव्हतो. मी प्रामाणिक होतो म्हणून मागे होतो. मग मी आईला हाक मारून जेवायला वाढायला लावलं आणि चार पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायच्या निमित्ताने वस्तादांकडे गेलो, पाया पडलो आणि कागद पुढे ठेवला. वस्तादांना भागाकार कळत नव्हता, पण हद्द कळत होती. मी समजावलं. त्यांनी कागद घडी करून गुडघ्याखाली ठेवला.

"तुझी खात्री हाय?"

"आकडा आहे वस्ताद. माझं काय त्यात?"

त्यांनी मलकारीला बोलावणं धाडलं. तो आपट्याची पानं घेऊनच आला, आधी त्यांच्या पाया पडला, मग मला पानं देऊन गळामिठी मारली. त्याच्या अंगाला मागाच्या तेलाचा वास येत होता.

"मलू," वस्ताद म्हणाले, "सुया घेतोस?"

त्याला आधी चेष्टाच वाटली. "कशाच्या सुया?"

"अंग वाढायच्या. खरं सांग."

"मलकारसिद्धाची आण वस्ताद, न्हाई. सुयांस्नी पैसं कुठनं आणू? आन कशापायी?"

"ह्यो आकडा बघ. माणसाचं अंग पंचवीसच्या वर जात न्हाई. तुझं सव्वीसच्या वर गेलंय."

"कुणी काढला ह्यो?"

"भरतेशनं. त्यानंच तुझी मापं घेतली न्हवं काल?"

"घेतली की."

"मग भरतेश चुकीचं माप लिवल का? तूच सांग मला."

मलकारीने माझ्याकडे बघितलं. मी वस्तादांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा माझ्यावर धावून येईल, मग भांडण होईल आणि मला तेच हवं होतं. भांडणात माणूस दोषी दिसतो.

"न्हाई," तो म्हणाला. "भरतेश चुकायचा न्हाई."

"मग?"

"मग मला ठावं न्हाई, वस्ताद."

वस्ताद उठले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मलकारीला सोसलं असतं. "पोटच्या पोरासारखा धरला हुता तुला. आजपासनं माझ्या हत्याराला हात लावू नगंस."

तो गेला. उरलेली आपट्याची पानं त्याने जाताना उंबऱ्यावर ठेवली होती. गावात दोन दिवसांत बातमी पसरली, हणबराचा मलकारी सुया मारायचा म्हणे. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

आता खरी गोष्ट.

स्पर्धेला चार दिवस राहिले होते. मलकारीचा अर्ज निवडीच्या संध्याकाळीच डॉक्टरांकडे गेला होता. तो मागे घेऊन माझं नाव घालायचं, तर दोघांचीही मापं छापील तक्त्यात भरून वस्तादांच्या सहीने द्यायची होती. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी मापवही उघडली आणि मलकारीच्या पानावरून एकेक आकडा उतरवू लागलो. दंड, छाती, कंबर, वजन. उंचीपाशी आलो. एकशे त्रेसष्ट. आणि त्याच्या बरोबर वर, गेल्या वर्षीच्या ओळीत, माझ्याच अक्षरात, एकशे अडुसष्ट.

त्याच्याही वरच्या वर्षी एकशे अडुसष्ट.

सत्तावीस वर्षांचा माणूस वर्षात पाच सेंटिमीटर खुजा होत नाही. मी पेन खाली ठेवलं. भिंतीवरची उंचीची पट्टी कशी रंगवलीय ते तालमीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. माप घेताना माणूस पाटावर उभा असायचा, म्हणून वस्तादांनी पेंटरला पाट ठेवून, पाटाच्या वरच्या कडेपासूनच शून्य धरायला लावलं होतं. पाट पाच सेंटिमीटरचा. मलकारी उशिरा आला तेव्हा पाट पंगतीबरोबर आत गेला होता आणि मी त्याला नुसत्या फरशीवर उभा केला होता. मी, ज्याच्या मापाला कोणी नावं ठेवत नाही!

कॅल्क्युलेटर पुढ्यातच होता. एकशे अडुसष्ट घालून भागाकार केला. चोवीस पूर्णांक आठ.

हद्दीच्या आत. अगदी काठावर, पण आत. निसर्गाने माणसाला जेवढं म्हणून देता येतं तेवढं सगळं त्याला दिलं होतं आणि त्याने ते भाकरी-पिठल्यावर कमावलं होतं. मला वाटलं होतं की मला लाज वाटेल. ती पुढे वाटली. त्या क्षणी फक्त संताप आला. म्हणजे तो खराच होता? म्हणजे सुया न घेताच तो असा होता आणि मी सगळं करून असा होतो? चोर असलेला मलकारी मला चालला असता, मी त्याला माफसुद्धा केलं असतं. निर्दोष मलकारी मला सोसवेना.

मी पेन उचललं आणि तक्त्यात लिहिलं, एकशे त्रेसष्ट. वहीत होतं तेच लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही. संध्याकाळी वस्तादांची सही घेतली.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण अंगाला तेल चोळत होतो. पाठीला आपला हात पोचत नाही, दुसरा लागतो. मी इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी बाटली माझ्या हातातून घेतली.

"वाक जरा," मलकारी म्हणाला.

मी वाकलो. काय करणार? त्याचे खरखरीत तळवे माझ्या पाठीवरून फिरत होते. त्याने नीट, सगळीकडे सारखं तेल लावलं.

"पाठ मस्त आलीया तुझी," तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "भरतेश, एक इचारू? रागावू नगंस."

"विचार."

"त्यो आकडा. मी काय घेतलं न्हाई, हे मला तर ठावं हाय. आन तुझं माप चुकायचं न्हाई. मग हद्दीच्या वर अंग गेलं कसं? आतनं काय रोग असंल का रं? गाठबिठ वाढती तसलं?"

त्याचा हात पाठीवर थांबला होता. मला वळून बघायचं धाडस झालं नाही. बाहेर माझ्या गटाचा पुकारा झाला. एक वाक्य पुरेसं होतं. तुझी उंची चुकली, एवढंच. वस्ताद पुढच्याच रांगेत बसले होते.

"दाखवून घे एकदा कुणाला तरी," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटतंय."

मी व्यासपीठावर गेलो. मला तिसरा नंबर मिळाला. पहिल्या आलेल्या गड्याकडे मी बघितलं. चांगला होता, पण मलकारीपुढे काहीच नव्हता. हे तिथे मला आणि वस्तादांनाच समजत होतं. वस्तादांनी टाळ्या वाजवल्या, पण उठले नाहीत.

मलकारीने व्यायाम सोडला. कुठल्याच तालमीत गेला नाही, घरीही जोर-बैठका मारल्या नाहीत. दोन-तीन वर्षांत त्याचं अंग उतरलं आणि तो चारचौघांसारखा झाला. मी त्याच्या बारीक होण्यावर डोळा ठेवून होतो, हेही सांगून टाकतो. बाजारात दिसला की आधी त्याचे खांदे बघायचो. बरं वाटायचं. काही वर्षांनी बरं वाटेनासं झालं आणि मग रात्री त्याचा तो प्रश्न आठवायला लागला.

अकरा वर्षांनी, हिंदुराव वस्ताद वारल्यावर महिनाभराने, मी त्याच्या कारखान्यात गेलो. तो चार माग चालवत होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "तुझं माप चुकलं होतं!"

"आँ?"

"माप! खंडेनवमीचं!"

त्याने हात करून मला थांबवलं आणि एकेक करून चारही माग बंद केले. आजूबाजूचे चालूच होते, पण आमच्याभोवती बोलण्यापुरती जागा झाली. ओरडून सांगणं सोपं होतं. आता साध्या आवाजात सांगावं लागलं. मी सगळं सांगितलं. पाट, फरशी, एकशे अडुसष्ट, चोवीस पूर्णांक आठ. मला स्पर्धेआधी चार दिवस कळलं होतं, हेही सांगितलं. जळत होतो तुझ्यावर, म्हणालो.

त्याने ऐकून घेतलं. मला मारील म्हणून मी तयार होतो. तो सुताच्या पेटीवर बसला.

"म्हंजे मला रोग न्हवता?"

"नव्हता."

"कवाच न्हवता?"

"नाही रे."

तो हसला. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच राहिला. "वर्सावर्साला रगत तपासून घेतोय मी. डॉक्टर म्हनत्यात काय न्हाई, आन मला वाटतंय त्यास्नी सापडत न्हाई. जड उचललं की वाटायचं, आता वाढंल. पोरीला कवा खांद्यावर घेतली न्हाई." त्याने तोंड पुसलं. "बरं झालं सांगितलंस."

तो बरं झालं म्हणाला! एवढं मोठं मन त्याला कुठून मिळालं होतं कोण जाणे, आणि तिथे उभ्या उभ्या मला त्याचाही हेवा वाटला.

मग तो हसायचा थांबला.

"वस्तादांस्नी सांगितलंवतास?"

मी मान हलवली. नाही.

तो बराच वेळ तुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसला. मग उठून मागाशी गेला, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "मी आलो हुतो त्या दिवशी. खांदा द्याया फुडं झालो आन मागं सरलो. म्हटलं, हात लावू नगंस म्हनालेत, मेल्यावर तरी त्यांचा शब्द मोडाय नगं." त्याने पहिला माग चालू केला. "लांबनंच बघितलं. फुडनं खांदा कोण देत हुतं, ते गर्दीत दिसलं न्हाई."

पुढे मी होतो.